कागद मागच्या तारखेचा, अक्षर पुढच्या सालाचे



समजा, उद्या गावात एक जण बियाण्याची जुनी पावती घेऊन आला. पावतीवर तारीख १९९५ ची आणि माल लिहिलेला 'बीटी कपाशी, चार पाकिटे'. ही पावती खोटी आहे हे ओळखायला मुंबईहून तज्ज्ञ बोलवावा लागेल काय? पारावर बसलेला कोणीही सांगेल, बाबा रे, बीटीला सरकारने परवानगी दिली ती मार्च २००२ मध्ये. तुझ्या पावतीत ती सात वर्षे आधीच कशी उगवली? ज्वारीचेही तसेच. सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे देशातले पहिले वाण १९६४ चे. १९५८ सालची म्हणून दाखवलेल्या वहीत ते नाव निघाले, तर वही कितीही पिवळी पडलेली असो, ती १९५८ ची नाही. यात विद्वत्ता कसली आली? वाण केव्हा आले ते आपल्याला ठाऊक आहे, एवढेच.

अक्षरांनाही वाण असते, भावांनो. कोणते वाण कोणत्या साली बाजारात आले याची नोंदही असते. ही नोंद ज्यांना ठाऊक आहे अशा माणसांनी देशोदेशीच्या कोर्टांत बड्याबड्यांचे कागद उघडे पाडले आहेत. आपल्याला मात्र अजून तेच ऐकवले जाते, 'छापलेले आहे, सही आहे, शिक्का आहे, आता काय बोलायचे?' आम्ही म्हणतो, बोलायचे ते इथूनच सुरू होते.

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापत. मग टंकयंत्र आले. बहुतेक टंकयंत्रांवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. इंग्रजीतला काडीएवढा आय असो की ढेरपोट्या डब्ल्यू असो, दोघांना वावर सारखेच. एखादे अक्षर झिजले किंवा वाकले की ते त्या यंत्रावरून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर तसेच वाकडे उमटते. बैल जसा खुरावरून ओळखावा, तसे यंत्र ओळखू येते. संगणक आल्यावर अक्षरांचे तयार संच आले. त्यांना फॉन्ट म्हणतात. हे संच आभाळातून पडत नाहीत. कोणीतरी माणूस महिनोन्‌महिने बसून एकेक अक्षर रेखाटतो, कंपनी ते घेते आणि ठरावीक दिवशी बाजारात आणते. आपल्या देवनागरीचा 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकार-कवीने रेखाटलेला, आणि तो विंडोज २००० बरोबर लोकांच्या संगणकांवर आला. म्हणजे १९९६ सालची तारीख घालून 'मंगल'मध्ये छापलेला करारनामा कोणी पुढे केला, तर तो करारनामा आणि आपली ती बीटीची पावती एकाच खळ्यातली.

हे परदेशातून आलेले खूळ आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने नागपूरचा जुना खटला ऐकावा. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात नरगुंदकर नावाचे अबकारी आयुक्त होते. दारूच्या भट्टीच्या ठेक्यावरून त्यांच्यावर आणि ठेकेदारावर खटला झाला. त्यात एक पत्र होते, तारीख २० नोव्हेंबर १९४६. सरकारपक्षाचे म्हणणे, हे पत्र मागाहून लिहून त्यावर आधीची तारीख टाकली आहे. कशावरून? तर कार्यालयात त्या वेळी जे टंकयंत्र होते त्यावर हे पत्र उमटलेलेच नाही. ज्या यंत्रावर उमटले आहे ते यंत्र १९४६ सरेपर्यंत नागपुरात पोचलेच नव्हते! पाहा, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी आपल्या नागपुरात नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता. कागदावरच्या तारखेला हे अक्षर या गावात होते का?

खालच्या न्यायालयांत शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये दोघांनाही निर्दोष सोडले. त्याला इतरही कारणे होती आणि त्या दोघांना आम्ही दोषी म्हणत नाही. आमचा झगडा त्या निकालातल्या एका वाक्याशी आहे. टंकयंत्राच्या तज्ज्ञाचे मत पुरावा म्हणून घेताच येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कारण पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये हस्ताक्षराचा तज्ज्ञ आहे, टंकयंत्राचा नाही. अहो, असणार कसा? कायदा १८७२ चा, आणि टंकयंत्र दुकानात विकायला आले तेच मुळी १८७४ च्या सुमारास! ज्या कायद्याने यंत्र पाहिलेच नाही त्या कायद्यात यंत्र नाही म्हणून यंत्राची साक्ष बाद. ही चूक दुरुस्त व्हायला १९९६ साल उजाडले. चौधरी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की १९५२ चे ते म्हणणे बरोबर नव्हते. टंकलिखिताचा तज्ज्ञही कलम ४५ मध्ये बसतो. मधली ४४ वर्षे गेली. या ४४ वर्षांत ज्याच्यापुढे मागच्या तारखेचा टंकलिखित कागद टाकला गेला, त्याच्या तोंडावर समोरचा वकील १९५२ चा दाखला फेकू शकत होता.

आता १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ३९ मध्ये विज्ञान, कला, हस्ताक्षर यांच्याबरोबर 'इतर कोणत्याही क्षेत्रा'तल्या जाणकाराचे मत घेता येते. दार उघडे आहे. आत कोण जाते हा प्रश्न आहे.

आत कोण जाते ते सांगतो. पाकिस्तानात २०१६ साली पनामाच्या कागदपत्रांचा गौप्यस्फोट झाला तेव्हा पंतप्रधान नवाज शरीफ यांच्या कुटुंबाचे लंडनमधले फ्लॅट चव्हाट्यावर आले. ते फ्लॅट आपले नाहीत, आपण भावासाठी नुसती विश्वस्त आहोत, असे दाखवायला मुलगी मरियम यांच्या बाजूने एक विश्वस्तपत्र आले. तारीख फेब्रुवारी २००६. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तपास पथकाने ते लंडनच्या रॅडली नावाच्या तज्ज्ञाकडे पाठवले. त्याने सांगितले, हा मजकूर 'कॅलिब्री' फॉन्टमध्ये आहे, आणि कॅलिब्री ३१ जानेवारी २००७ च्या आधी बाजारात नव्हता. जुलै २०१७ मध्ये हा अहवाल बाहेर आला आणि साऱ्या देशात जो तो अक्षरांवर बोलू लागला. गंमत म्हणजे विकिपीडियातल्या कॅलिब्रीच्या नोंदीतली तारीखच बदलून टाकायला लोक धावले. शेवटी त्या नोंदीला कुलूप घालावे लागले. साक्षीदार फुटत नाही म्हटल्यावर त्याच्या जन्माच्या दाखल्यातच खाडाखोड!

पण इथे आम्ही वाचकांना अर्धवट गोष्ट सांगणार नाही. उलटतपासणीत त्याच तज्ज्ञाला मान्य करावे लागले की बाजारात येण्याआधी चाचणीसाठी काढलेल्या संगणक-प्रणालीबरोबर हा फॉन्ट संगणकातल्या जाणकारांना मिळू शकत होता. आपल्या भाषेत सांगायचे तर बीटीचे चाचणीचे प्लॉट १९९८ मध्येच लागले होते, आणि गुजरातेत २००१ साली परवानगीआधीच बीटी शेतात उभी सापडली होती. म्हणजे २००१ ची पावती दिसली की लगेच खोटी म्हणून ओरडता येत नाही. विचारावे लागते, बाबा, तुझ्यापर्यंत ते बियाणे आले कसे? फॉन्ट रेखाटणाऱ्या लुकास डी ग्रूट यांच्याही बाजूचे म्हणणे असेच होते की सरकारी किंवा कायदेशीर कागदासाठी कोणी चाचणीतला फॉन्ट शोधून वापरील हे संभवत नाही. संभवत नाही आणि अशक्य आहे, यांत एका धुऱ्याचे अंतर असते, आणि भांडणे धुऱ्यावरूनच होतात.

आणखी एक. नवाज शरीफ यांचे पद २८ जुलै २०१७ ला गेले ते फॉन्टमुळे गेले असे भाषणांत ठोकून देतात. ते खोटे आहे. दुबईच्या कंपनीतले घेणे असलेले वेतन जाहीर केले नाही, या मुद्द्यावर ते गेले. मरियम यांना जुलै २०१८ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली आणि २९ सप्टेंबर २०२२ ला इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. अक्षराने प्रश्न उभा केला. तो निकाल नव्हता. अक्षर सांगते की हा कागद या तारखेचा दिसत नाही. तो कोणी केला, कशासाठी केला, हे दुसऱ्या पुराव्याने शोधावे लागते.

प्रश्नाला नीट जोड मिळाली की काय होते ते कॅनडात दिसले. लुक कम्युनिकेशन्स या कंपनीचे माजी प्रमुख मॅकगोई यांच्यावर कंपनीला लाखो डॉलर परत करण्याचा हुकूम झाला. त्यांनी दिवाळे काढले आणि सांगितले, दोन मालमत्ता माझ्या नाहीतच, त्या कुटुंबासाठी विश्वस्त म्हणून ठेवल्या आहेत. पुराव्याला दोन विश्वस्तपत्रे, एक १९९५ चे, दुसरे २००४ चे. टॉमस फिनी नावाचा अमेरिकेतला फॉन्टतज्ज्ञ साक्षीला आला. एक पत्र 'कँब्रिया'त, दुसरे 'कॅलिब्री'त. दोन्ही फॉन्ट लोकांच्या हाती आले २००७ मध्ये. इथे १९९५ च्या कागदाला चाचणीच्या प्लॉटाचीही पळवाट नव्हती, कारण तेव्हा ते अक्षर रेखाटलेलेच नव्हते. ऑन्टारिओच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दोन्ही विश्वस्तपत्रे झूट ठरवली आणि मालमत्ता देणेकऱ्यांपासून लपल्या नाहीत.

आता आपल्याकडे वळा. आपण कर्ज घेतले की घर, वावर, सातबारा, आठ-अ, जामीनदार, सगळे तपासून घेतात. आपला अंगठा जुळला नाही तर पुन्हा लावायला लावतात. नावात एक वेलांटी चुकली तर अनुदान अडते. म्हणजे अक्षर बारकाईने पाहायचे शास्त्र या व्यवस्थेला उत्तम अवगत आहे! फक्त ते आपल्यावर चालवायचे असते. समोरच्याने दाखवलेला छापील करारनामा, मागच्या तारखेची नोटीस, कधी मिळालेच नाही असे मागणीपत्र, कोऱ्या फॉर्मवर घेतलेल्या सहीच्या वर नंतर चढवलेला मजकूर, हे सगळे मात्र 'रेकॉर्डवर आहे' म्हणून खरे. हा कुठला न्याय? तपासायचे तर दोघांचेही तपासा.

मागची तारीख टाकण्यात फायदा किती मोठा आहे हेही समजून घ्या. तीस वर्षांचा जुना दस्त योग्य ठिकाणी जपलेला सापडला, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर खरे धरण्याची मुभा न्यायालयाला कायद्यानेच दिली आहे. जुन्या कायद्यात ते कलम ९० होते, नव्या कायद्यातही ती तरतूद राहिली आहे. म्हणजे कागद म्हातारा झाला की त्याला मान मिळतो. मग कागदाला चहाच्या पाण्यात बुचकळून म्हातारा करणारे निघणारच. शाई पिवळी करता येते, घडीवर फाडता येते. पण १९९० साली नसलेले अक्षर १९९० मध्ये नेऊन ठेवता येत नाही.

काही खुणा तर आपण स्वतः पाहू शकतो, त्याला रॅडली नको की फिनी नको. रुपयाचे हल्लीचे चिन्ह, 'र'च्या माथ्यावर दोन आडव्या रेघा असलेले, १५ जुलै २०१० ला मंजूर झाले. २००७ च्या म्हणून दाखवलेल्या छापील हिशेबपट्टीवर ते असेल तर ती पट्टी २००७ मध्ये छापलेली नाही. 'निर्मला' हा देवनागरी फॉन्ट विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये आला. पत्त्यातला सहा आकडी पिनकोड १९७२ च्या स्वातंत्र्यदिनापासूनचा. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. १९९४ च्या लेटरहेडवर 'जिल्हा वाशीम' छापलेले असेल तर छापखानेवाला ज्योतिषी असला पाहिजे. शुद्धलेखनही बोलते. 'कांहीं', 'नाहीं', 'नांव' यांच्या डोक्यावरचे जादा अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. १९४८ च्या दस्तात एकही जुना अनुस्वार नसेल तर शंका घ्यायला जागा आहे. पण नुसती शंकाच, कारण लिहिणारे सगळेच काही व्याकरणाचे मास्तर नव्हते. उलट बाजूने तर काहीच ठरत नाही. आमच्यात अजून 'कांहीं' लिहिणारे आजोबा आहेत.

इथे एक मोठी फसगत होते. बँकेकडे तुम्ही २००६ चा खातेउतारा मागितला आणि तिने तो आज संगणकावरून काढून दिला, तर त्यावर आजचेच अक्षर आणि आजचेच रुपयाचे चिन्ह असू शकते. ती लबाडी नव्हे. जुन्या नोंदीची ती नवी छपाई आहे. संगणकावरून निघालेल्या सातबाराचेही तसेच. म्हणून कागद हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की साहेब, हा मूळ कागद आहे की नंतर काढलेली प्रत? आणि उत्तर लेखी घ्यायचे. 'प्रत आहे' म्हणाले तर मूळ कुठे आहे ते दाखवा. 'मूळच आहे' म्हणाले आणि अक्षर नंतरचे निघाले, तर आता उत्तर त्यांनी द्यायचे, आपण नाही. आमची मागणी सरळ आहे. सरकारी कचेरी असो, बँक असो, सोसायटी असो की कंपनी असो, जुन्या नोंदीच्या प्रत्येक नव्या छपाईवर ती छापल्याची तारीख आणि 'नंतर काढलेली प्रत' हे शब्द ठळक असले पाहिजेत. वादातला कागद ज्याने पुढे केला त्यानेच मूळ हजर करावे आणि तपासणीचा खर्चही त्यानेच सोसावा. ज्याचे बियाणे त्यानेच उगवणीची हमी द्यावी, तसे.

यावर काही वकील मंडळी म्हणतील, 'एवढ्या तेवढ्या अक्षरावरून काय ठरते?' त्यांना एकच विचारतो, अशील कारखानदार असता तर तुम्ही हेच म्हणाला असता का?

मात्र चाबूक आपल्याही पाठीवर चालतो हे ध्यानात असू द्या. अमेरिकेत सप्टेंबर २००४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, सीबीएस या वाहिनीने अध्यक्ष बुश यांच्या सैनिकी सेवेबद्दल काही टिपणे दाखवली. तारखा १९७२-७३ च्या. लोकांनी तोच मजकूर आजच्या संगणकावर नेहमीच्या टाइम्स न्यू रोमन अक्षरात टंकून पाहिला, तर ओळी जिथल्या तिथे जुळल्या. रुंद-अरुंद जागा घेणारी टंकयंत्रे तेव्हाही होती, म्हणून नुसत्या त्या मुद्द्यावर काही ठरले नसते. पण ओळीवर ओळ बसणे हे जड गेले. बारा दिवसांत वाहिनीला कबूल करावे लागले की टिपणे खरी असल्याचे ती सिद्ध करू शकत नाही. पुढे चार जणांना नोकरी सोडावी लागली. बुश यांच्या सेवेबद्दलचे खरे प्रश्न होते तेही त्या टिपणांखाली गाडले गेले. कोणी मंत्र्याविरुद्ध, कोणी चेअरमनविरुद्ध कागद आणून देतो आणि आपण तो सभेत फडकावतो. आधी उजेडात धरून पाहा. आपल्या सोयीचा कागद तर दुप्पट पाहा.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने वादातले कागद घेऊन यावे. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नका, झेरॉक्स आणा. पण बैठकीत पाहायला मूळ पिशवीत असू द्या, कारण झेरॉक्सवरून अक्षराची बारीक वळणे, शाई आणि कागदाचा पोत कळत नाही. मूळ कागदाला प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नका, त्यावर पेनाने खुणा करू नका, नवी भोके पाडू नका, घडी आहे तिथेच राहू द्या. सरकारी कचेरीतला कागद असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो डोळ्यांनी पाहायचा आणि त्याची प्रमाणित प्रत घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. अर्जात 'मूळ अभिलेखाची पाहणी' हे शब्द लिहा. त्याच कचेरीचे, त्याच महिन्यातले, ज्यांच्याबद्दल वाद नाही असे दोन-चार कागद मिळाले तर तेही आणा. शेजाऱ्याची नोटीस चालेल, जुने पोस्टाचे पाकीट चालेल, सोसायटीची पावती चालेल. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय वादातल्या कागदाचे अक्षर काही सांगणार नाही.